बोगादीचं युनिट आणि माधवरावांचं शांत डोकं

शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात दोन गोष्टी रोज साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या शनिवारी टेम्पोतून जातात. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच पडून राहतात. त्यातले निम्मे माधवरावांचे, कारण मी त्या माणसावर जळते. तुमच्यापासून काय लपवायचं!

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत आमचा कारखाना. शिवणाची सुपरवायझर मी, म्हणजे वासंती. कटिंगचे सुपरवायझर माधवराव. मालक कानडी, आम्ही दोघं घरी मराठी बोलणारे. माधवरावांचे पूर्वज म्हणे म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. हा माणूस शत्रू दिसला तर आधी बसायला खुर्ची मागेल! आणि आम्ही रंगाऱ्यांच्या घरातले. कापडाला रंग धरेपर्यंत वाट बघणं आमच्या रक्तात हवं, पण मला चहा गाळेपर्यंत धीर नसतो.

गेल्या वर्षी मालकांनी शहराच्या टोकाला, बोगादीला नवीन युनिट काढायचं ठरवलं. तिथला मॅनेजर आम्हा दोघांतलाच एक होणार, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मला ती खुर्ची हवी होती. फार हवी होती.

* * *

शांता आणि रझिया शेजारच्या मशीनवर बसायच्या. भिंतीवरच्या एका पंख्यावरून त्यांचं वाजलं. माधवरावांनी दोघींना समोर बसवून आधी एकीचं ऐकलं, मग दुसरीचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलीचं. तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढले, पंख्याचं तोंड मधोमध फिरवलं आणि खाली उतरले. दोन मिनिटांचं काम.

संध्याकाळी दोघींनी जाऊन आभार मानले. कुणाचे? माधवरावांचे. इतकं शांतपणे ऐकून घेणारा साहेब त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. पंखा मी फिरवला, वारा माधवरावांनी खाल्ला!

* * *

एकदा इस्त्रीच्या टेबलावरून धूर निघाला. माधवराव शेजारीच उभे होते. त्यांनी नाक वर केलं आणि विचारलं, "कॉटन जळतंय की पॉलिस्टर?"

तोवर मी प्लग ओढून बादली ओतली होती. आग विझली, खाली ठेवलेले मुलींचे बिनबाह्यांचे पिनाफोर तेवढे भिजले. मालक धावत आले तेव्हा मी ओलीचिंब, हातात रिकामी बादली, आणि माधवराव कोरडे ठणठणीत, हातात वही. त्यांनी दोन दिवस विचार करून आगीचे नऊ नियम लिहून काढले. मालकांनी ते फ्रेम करून दारात लावले, खाली माधवरावांच्या सहीसकट. मला काय म्हणाले? "अक्का, ते पिनाफोर वाळत घाला."

* * *

मी कधी चुकले नाही असं नाही. टी-शर्टचं कापड ताग्यातून काढलं की लगेच कापायचं नसतं. ताग्यात ते ताणलेलं असतं. एक दिवस टेबलावर मोकळं पसरून ठेवलं की ते हळूहळू आखडतं, आणि मग कात्री लावायची. हे मला काल कळलेलं नाही. पण हुणसूरच्या एका शाळेचा स्पोर्ट्स डे तोंडावर आला होता, माधवराव मेहुणीच्या लग्नाला गेले होते, आणि मला त्यांच्याशिवाय ऑर्डर काढून दाखवायची होती. ताग्यातून काढलं तसं कापायला लावलं. दोन दिवसांत माल तयार. मालक खूश, मी त्याहून खूश.

तिसऱ्या दिवशी पॅकिंगला घेतले तर टी-शर्ट आखडलेले. आठवीच्या पोरांची पोटं उघडी पडली असती.

माधवराव लग्नाहून परतले. त्यांनी एक टी-शर्ट पुढ्यात घेतला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसते बघत बसले. मला वाटलं, आता मला बोलतील. ते म्हणाले, "आठवीचं सहावीला देऊया बगा अक्का, सहावीचं चौथीला. नुसतं मोठ्यांचं नवीन कापू. कापड आत्ताच पसरून ठेवा."

ऑर्डर वेळेत गेली. मालकांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. म्हणजे चूक माझी आणि कौतुक त्यांचं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

* * *

शेवटी ठरवलं, आपणही शांत डोक्याचं व्हायचं. सोमवारी सकाळी हात मागे बांधून खिडकीशी उभी राहिले आणि कुणाशी बोलले नाही. पाच मिनिटांत शांता पाणी घेऊन आली. दहा मिनिटांत रझियानं माझ्या नवऱ्याला फोन लावला. अक्का बोलत नाहीत, लवकर या, एवढंच तिनं सांगितलं, आणि तो बिचारा बँकेतलं काम टाकून रिक्षानं आला.

* * *

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मालकांनी मला आत बोलावलं. बसायला सांगितलं, कॉफी मागवली आणि विचारलं, "अक्का, बोगादी बघाल काय?"

हो अगदी ओठांवर आलं होतं. वीस वर्षं मी प्रश्न संपायच्या आत हो म्हणत आले. पण मनात आलं, लगेच हो म्हटलं तर यांना वाटेल, ही बाई कशाचाच विचार करत नाही, अख्खं युनिट हिच्या हाती कसं द्यायचं? मी कॉफीचा घोट घेतला, माधवराव बघतात तसं छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन दिवस द्या सर."

मालक जरा चपापले, पण बरं म्हणाले. बाहेर आले तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की विचारू नका.

दोन दिवस मी खरोखरच विचार केला. बायका कुठून येतील, बस कितीला आहे, कटिंगचं टेबल कुठल्या भिंतीला लावायचं, सगळं लिहून पाच पानं भरली. गुरुवारी ती घेऊन मालकांकडे गेले. त्यांनी पानं शेवटपर्यंत वाचली, छान लिहिलंय म्हणाले आणि माझ्या हातात परत दिली. तुम्हाला नकोय असं वाटलं मला, म्हणाले, म्हणून त्याच दुपारी माधवरावांना विचारलं. त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच हो म्हटलं.

"माधवरावांनी? विचार न करता?"

"मलाही नवल वाटलं," मालक म्हणाले. "विचारलं त्यांना, आजच एवढी घाई कशी? तर म्हणाले, 'सर, इतकी वर्षं वासंतीअक्कांकडं बघत आलोय. त्यांना विचारलं असतं, तर त्या दोन दिवस मागत बसल्या असत्या काय?'"