एक पानही पुढे नाही

वाचायला बसण्याआधी काका नखांतलं प्लास्टर काडीने टोकरून काढायचे. मग हात धुवायचे, विजारीला पुसायचे, पुन्हा धुवायचे. चष्मा कपाळावर असताना चष्मा शोधायचे. पाटी, म्हणजे त्यांचा ई-रीडर, दोन्ही हातांत आडवी धरायचे, चहाचा ट्रे धरावा तशी. पान उलटताना बोट जिभेला लावायचे. पडद्यावर ओला डाग पडायचा, तो बाहीने पुसायचे आणि त्या पुसण्यात तीन पानं पुढे जायची. "थांब, थांब, गेलं," म्हणत मागे यायचे. नवा अध्याय आला की खाकरायचे. अवघड शब्द दिसला की आवाज खाली आणायचे, म्हणजे चुकला तरी कुणाला कळू नये. गोष्टीतलं कुणी मूर्खासारखं वागलं की वाचन थांबवून त्याला चार शब्द सुनवायचे.

यातलं काही काकूंनी ऐकून टिपलेलं. काही वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीने पाहून काकूंना सांगितलेलं. काकांना चिडवायला दोघींनी मिळून ही यादी केली होती.

काका कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे, काका त्यांत प्लास्टर ओतायचे, साचा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे. गल्लीच्या टोकाला एका खोलीत हा कारखाना. खिडकीत ओळीने जबडे वाळत ठेवलेले असायचे. सगळा बाजार त्यांना बत्तीशी म्हणायचा. त्यांच्या स्वतःच्या तोंडात मात्र दात एकोणीस. कवळी कधी करणार असं काकूंनी विचारलं की म्हणायचे, "गिऱ्हाइकांची संपू दे." त्यामुळे बोलताना मध्येच शीळ निघायची.

काकूंची पस्तीस वर्षं वाचनालयाच्या खिडकीमागे गेली. आलेलं पुस्तक घ्यायचं, दुसरं द्यायचं आणि मधल्या वेळात वाचायचं. नवरा प्लास्टरच्या पोत्यावरच्या सूचनांपलीकडे काही वाचत नसे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकूंनी त्याच्या उशाशी एक पुस्तक ठेवून पाहिलं. वर्षभराने ते तिथेच होतं, फक्त त्याच्यावर पाण्याचा तांब्या आला होता. त्यानंतर काकूंनी तो नाद सोडला.

मग काकूंचे डोळे गेले. पूर्ण नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला, कडा राहिल्या. दाराची चौकट दिसायची, दारातला माणूस दिसायचा नाही. स्वयंपाक जमायचा, चालणं-फिरणं जमायचं. वाचन तेवढं संपलं.

परगावी असलेल्या लेकीने ई-रीडर पाठवला. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणाली. सगळ्यात मोठ्या अक्षरात पडद्यावर चार शब्द मावायचे. काकूंना त्यांतले कडेचे दोन दिसायचे.

"अशाने एक गोष्ट संपायला माझा जन्म जाईल," काकू म्हणाल्या आणि ते यंत्र फडताळात ठेवलं.

महिन्याभराने एका संध्याकाळी काका हात धुऊन समोर येऊन बसले. फडताळाचं दार वाजलेलं काकूंनी ऐकलं होतं.

"कुठून सुरू करायचं?"

"काय?"

"वाचायला."

"तुम्ही?"

"मग काय शेजाऱ्याला बोलावू?"

पहिल्या पानाला वीस मिनिटं लागली. काका त्या यंत्राला पाटी म्हणू लागले, कारण पाटीसमोर बसलं की आपल्याला घाम फुटतो हे त्यांना शाळेपासून ठाऊक होतं. स्वल्पविरामाला ते थांबायचे नाहीत आणि जिथे काही नाही तिथे थांबायचे. काकू दुरुस्त करायच्या. "अहो, ती रडतेय. तुम्ही भाव सांगितल्यासारखं काय वाचताय?" काका तेच वाक्य पुन्हा वाचायचे, थोडं कमी भावाने.

काकूंना पाटीचा एक राग होता. कागदाच्या पुस्तकात उरलेल्या पानांची जाडी बोटांनी चाचपता यायची. पाटी पहिल्या पानाला जेवढी, तेवढीच शेवटच्या. मग त्या रोज विचारायच्या, "किती झालं?" काका खालचा आकडा बघून सांगायचे, "अठ्ठावीस टक्के." स्वतःचे मार्क सांगावेत तसे.

वरची भाडेकरू एका फरश्यांच्या कंपनीत माहितीपत्रकं लिहायची. साहित्याची पदवी घेतलेली. म्हणून काका तिला पंडितबाई म्हणायचे. पाटीत पुस्तकं भरायचं काम तिच्याकडे होतं. एकदा तिने पाटी उघडली तर जागोजागी ओळी अधोरेखित केलेल्या. त्याही साध्या ओळी. 'त्याने दार लावलं.' 'भांडी घासून झाली.' ती विचारात पडली.

"काका, याच ओळी का?"

"कुठल्या?" काकांनी वाकून बघितलं. "अंगठा राहिला असेल गं."

पहिली कादंबरी बंदरातल्या एका खानावळीची होती. तिथे एक तिरळा नकाशेवाला उतरायचा. समुद्राचे नकाशे काढायचा, कुणाशी धड बोलायचा नाही, मालकिणीचे पैसे थकवायचा. काकांचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. रोज त्याला शिव्या द्यायचे आणि रोज त्याच्यावर येऊन थांबायचे. "आता उद्या बघू, काय दिवे लावतो."

या 'उद्या'वर काकूंचा दिवस जायचा. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना त्या नकाशेवाल्याचं पुढे काय होणार याचा विचार करायच्या. जेवताना दोघं त्यावर वाद घालायची. काकूंनी अट घातली होती, एक पानही पुढे जायचं नाही. काकांनी ती मानली होती. मानायला काय, मुळात ते एकटे वाचतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही.

घरातलं प्लगचं बटण बिघडलं म्हणून ते एक दिवस पाटी चार्ज करायला कारखान्यात घेऊन गेले. साच्यात प्लास्टर ओतलं की अर्धा तास हात बांधून बसावं लागतं. चाळीस वर्षं त्या अर्ध्या तासात काका रस्ता बघत होते. त्या दिवशी त्यांनी पाटी उघडली. नुसती चार्ज झाली का बघायला.

आठवडाभर पाटी कारखान्यात जात राहिली. घरातलं बटण तसंच राहिलं.

पहिल्या दिवशी काकूंना वाटलं, नवरा सुधारला. अवघड शब्दांना आवाज खाली जाईना. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नकाशेवाला सगळ्यांसमोर मालकिणीला टाकून बोलला. काका वाचत पुढे गेले.

"थांबा," काकू म्हणाल्या.

"काय झालं?"

"तो एवढं बोलला तिला. तुम्ही त्याला काही म्हणाला नाहीत."

"असतो एखाद्याचा स्वभाव."

"अहो, परवापर्यंत तुम्ही त्याला समुद्रात ढकलायला निघाला होतात."

काकांनी बाहीने पडदा पुसला.

"किती मऊ आवाजात वाचताय त्याचं," काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने, "मरतो ना तो?"

काकांनी पाटी मांडीवर ठेवली.

"तापाने," ते म्हणाले.

काकू उठल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या.

"मला उष्टं वाढता होय?"

"अगं, प्लास्टर घट्ट होईपर्यंत..."

"रस्त्यावरून कोण गेलं, ते तुम्ही मला सांगायचं. पत्र कुणाचं आलं, ते तुम्ही सांगायचं. मुलगी बारीक झाली का, तेही तुम्हीच. सगळं आधी तुम्हाला दिसतं, मग मला. ही एवढी एकच गोष्ट होती, जी आपल्या दोघांना एकदमच दिसत होती."

त्या दिवसापासून वाचन बंद झालं. काका संध्याकाळी हात धुवायचे, सवयीने दोनदा, आणि मग काय करावं ते न सुचून तिसऱ्यांदा धुवायचे. घरातलं बटण त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतलं. पाटी काकूंच्या चहाच्या डब्याशेजारी आणून ठेवली. काकू तिला हात लावत नव्हत्या. जेवताना बोलायला विषय राहिला नाही. मीठ बरोबर आहे का, एवढंच. बरोबर असायचं.

पंडितबाईने मध्ये पडून पाहिलं. "काकू, शेवट माहीत असला तरी वाचनात गोडी असते. आम्हाला तर तेच शिकवलं."

"तुला शिकवलं असेल," काकू म्हणाल्या. "तुला अख्खं जग दिसतं."

नवव्या दिवशी मुलीचा फोन आला. आई, आता यंत्रच वाचून दाखवतं की, बाबांच्या मागे कशाला लागतेस. पंडितबाईने काकूंच्या फोनमध्ये तीच कादंबरी घालून सोय करून दिली. एका बाईचा स्वच्छ आवाज. कुठे अडखळत नाही, खाकरत नाही, पान हरवत नाही. काकूंनी दोन दिवस दुपारभर ऐकलं. काका कारखान्यातून आले की तो आवाज चालू असायचा. ते बाहेरच्या पायरीवर बसून राहायचे.

तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा घर शांत होतं.

"गेला तो," काकू म्हणाल्या.

काका दारातच थांबले. "कसा?"

"फलाटावर घोषणा व्हावी तसा. ताप चढला, डॉक्टर आले, गेला, पुढचा अध्याय. त्याच आवाजात मालकिणीने मासळीचा भाव विचारला." काकूंनी फोन उलटा करून ठेवला. "या बाईने तर सगळंच आधी वाचून ठेवलंय. आणि तिला कशाचं काही नाही."

काका येऊन समोर बसले. चष्मा काढून हातात धरला.

"तो गेला त्या दिवशी मी प्लास्टर कालवलं होतं," ते म्हणाले. "भांड्यातच दगड झालं. कळलंच नाही मला. एका म्हातारीचे दात दोन दिवस उशिरा गेले."

"तिला काय सांगितलंत?"

"घरात मयत झालं म्हणून."

काकूंना हसू आवरेना. काका आधी बावरले, मग तेही हसले, शीळ वाजली. वर पंडितबाईला हसण्याचा आवाज आला आणि ती तशीच जिना उतरून खाली आली.

"पंडितबाई, नवीन पुस्तक घाला," काका म्हणाले. "मला अजिबात माहीत नसलेलं."

"तुम्हाला माहीत असलेलं एकच आहे, काका."

"तेच म्हणतो. ते सोडून."

तिने निवडलं ते दोन बहिणींचं होतं. धाकटी लग्न करून निघून गेली तेव्हापासून थोरलीने तिचं तोंड पाहिलेलं नाही, इथे सुरुवात. काका पुन्हा पहिल्यासारखे वाचू लागले. अडखळत, मागे येत, थोरलीला शिव्या घालत. दिवसा पाटी चहाच्या डब्याजवळच. कारखान्यात ते पुन्हा रस्ता बघत बसायचे. एकदा पंडितबाई तिथून जाताना तिने त्यांना तसं बसलेलं पाहिलं. मांडीवर हात, समोर वाळणारे साचे.

"कंटाळा येत नाही, काका?"

"विचार करतोय. ती थोरली जाईल का गं तिच्याकडे?"

पंडितबाईने तोंड उघडलं.

"सांगू नको!" काका एवढ्या जोरात ओरडले की समोरचा पानवाला उठून उभा राहिला.

एका सोमवारी संध्याकाळी थोरली निघाली. दोन गाड्या बदलल्या, पत्ता विचारत विचारत धाकटीच्या घरापाशी आली. काकांचा घसा बसायला आला होता. काकू म्हणाल्या, "राहू दे आता. उद्या."

मंगळवारी दुपारी एका डॉक्टरांचा शिपाई कवळी न्यायला कारखान्यात गेला. काका खुर्चीत होते. त्याला वाटलं, डुलकी लागली. त्याने दोनदा हाक मारली. भांड्यातलं प्लास्टर अजून ओलं होतं.

मुलगी आली, राहिली, चल म्हणाली. काकू गेल्या नाहीत. मुलगी परत गेली. पंडितबाई रोज कामावरून आली की खाली येऊन बसायची. काय बोलावं ते तिला कळत नसे. चार वर्षं तिने पुस्तकांवर बोलायचं शिक्षण घेतलं होतं. त्यातलं इथे काहीच चालेना.

तीन आठवड्यांनी काकूंनी चहाचा डबा काढला, तेव्हा पाटीही काढली. पंडितबाईच्या हातात दिली.

"कुठे आहे बघ."

तिने उघडली. चार्जिंग थोडंच उरलं होतं. पडदा क्षणभर काळा होऊन पान आलं.

"चौसष्ट टक्के. थोरली दाराशी उभी आहे."

"घंटा वाजवली का?"

"हो. वाजवली."

काकूंनी मान हलवली. खुर्ची पुढे ओढून घेतली. पंडितबाईने पाटी नीट धरली, घसा साफ केला.

"वाचू पुढे?"

"तू वाचलंयस ना हे?"

नाही म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या वाक्याला काकूंना कळलं असतं.

"वाचलंय."

"मग नको."

"काकू, मी अगदी पहिल्यांदा वाचल्यासारखं..."

"नाही जमायचं. त्यांना नाही जमलं, तुला कसं जमेल?" काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. रागाने नाही. "न वाचलेला कुणी माणूस भेटला तर आण. तुझ्या ओळखीत असा कुणी असेल असं वाटत नाही मला."

पंडितबाईने पाटी बंद केली. पान जिथे होतं तिथेच आहे. थोरली बाहेर उभी आहे, तिची घंटा वाजवून झाली आहे, आणि दार कुणी उघडलेलं नाही.