दादाला कोरडी हवा लागायची

दादा आज सकाळी गेला आणि मी सगळ्यात आधी कूलर बंद केला.

मलकापूरचा मे महिना. घर माणसांनी भरलेलं. पुतण्या ओरडलाच, "काऊन बंद केला वो आत्या? एवढ्या उन्हात?"

त्याला काय सांगू? म्हणून इथे लिहितेय.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी शाळेत होते. दादा मुंबईच्या एका लॅबमध्ये केमिस्ट. मधला भाऊ बापू फौजेत वायरलेसवर, पार बर्फातल्या चौकीवर.

बापू सुट्टीवर आला तेव्हा जेवताना म्हणाला, "तिथं थंडीनं बॅटरी मरते, दादा. कोटात घालून छातीशी गरम करा लागते. तवा कुठं सेट बोलते."

दादाचा घास हातातच राहिला.

"पुढच्या थंडीच्या आत तुले बॅटरी देतो."

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. लिथियम धातूची बॅटरी करायची. तिचं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतला द्रव, बर्फात गोठायला नको आणि आपल्या उन्हात फुगायलाही नको. असा द्रव त्याला जमत आला होता. सुट्टीत घरी आला की खामगावहून बर्फाच्या लाद्या आणायचा, मीठ घालून त्यात सेल पुरायचा, मग तेच सेल छपराच्या टिनावर तापवायचा. शेजारी म्हणायचे, पोरगा कामातून गेला.

लिथियमला ओलाव्याचं वावडं. मुंबईच्या दमट हवेत सेल बिघडायचे आणि लॅबला कोरडी खोली नव्हती. म्हणून ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, त्या उन्हासाठी हा घरी आला.

मागची टिनाची खोली बंद करून, हवेतला ओलावा शोषायला कोपऱ्यात कळीच्या चुन्याची घमेली ठेवून, आत एकटा बसायचा.

मायचा जीव तुटायचा. तिनं ट्रकच्या बॅटऱ्या पाहिलेल्या. "बॅटरीत तं पाणीच टाकतात ना रे?"

"माह्या बॅटरीत थेंबही चालत नाई, माय."

म्हणून तिनं बॅटरीत थेंबही टाकला नाही.

तिनं झरोक्याला बाहेरून वाळ्याची ताटी बांधली आणि तिच्यावर पाणी मारत बसली. लेकराला ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे प्रत्येक आई हेच करायची.

आत दादाला आधी वाळ्याचा वास आला. मग हातातला लिथियमचा चकचकीत पत्रा काळा पडत गेला.

लॅबनं दिलेलं सगळं लिथियम तेवढंच होतं.

तो दार उघडून बाहेर आला. माय लोटा घेऊन उभी, पदर ओलाचिंब.

"आता गार वाटते का रे बाबू?"

त्याचा चेहरा बघून मला रडू फुटलं. त्यानं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"हो माय. मस्त गार वाटून राह्यलं."

लॅबमध्ये त्यानं सांगितलं, चूक माझी. प्रोजेक्ट बंद झाला.

त्या थंडीत बापूची चौकी हिमवादळात सापडली. सेट मुका होता.

बापू आला नाही.

आता मला कळतं, दादाचे ते चार सेल जमले असते, तरी त्या हिवाळ्यात चौकीवर पोचलेच नसते. दादाला तर माझ्याआधी कळत होतं. पण कळून काय उपयोग? शब्द दिला होता ना. पुढे जन्मभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, पण लिथियमचा पाठ दुसऱ्या मास्तरांकडे द्यायचा.

माय मरेपर्यंत विचारायची, "बॅटरी झाली असती तं माहा बापू वाचला असता का रे?"

"नाई माय. काईच फरक पडला नसता."

देवा, किती वेळा वदवून घेतलंस त्याच्याकडून!

या आठवड्यात कूलर लावला की तो तडफडायचा. "बंद कर वं कुसुम. पत्रा काळा पडते." डॉक्टर म्हणत, गारवा ठेवा. आम्ही ठेवला.

काल संध्याकाळी माझा हात घट्ट धरला. "मायले सांगू नको, बरं."

माय जाऊन किती वर्षं झाली, दादा.

नाही सांगितलं. कधीच नाही सांगितलं.

ज्याच्याजवळ हे बोलता यायचं तो तूच होतास. आता मी कोणाजवळ बोलू रे?

कूलर बंद आहे. हवा ठणठणीत कोरडी आहे. कोणी पाणी मारत नाही.

जा आता. बापू थंडीत वाट बघत असेल.

तुझ्या कुसुमचा शेवटचा नमस्कार.