तीनवर तुटणारा आवाज

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. लहानपणी बाबांनी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, आमच्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. त्यात मी रेल्वेत टेलिकॉमला... आवाज कुठून आला आणि कुठे अडला हे शोधणं हीच माझी नोकरी. या सदरातले अनुभव मी बायकोला हसत हसत वाचून दाखवायचो. आता मीच लिहायला बसलोय, तर ती हसते आहे.

राहायला आम्ही रायपूरला, तेलीबांध्याला. सुटीच्या दिवशी मी शहरापासून तासाभरावरच्या एका जुन्या धावपट्टीवर जातो. तिथे आमचा छोटासा ग्लायडिंग क्लब आहे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनचं विमान, वर चढणारी गरम हवा शोधायची आणि तिच्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची. तिथले रेडिओ मी हौसेने सांभाळतो. आधी रामटेके काका सांभाळायचे. तेही रेल्वेतलेच, मला हे काम त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

काकांची एक पद्धत होती. रेडिओ तपासताना ते मराठीत पाचापर्यंत मोजायचे आणि प्रत्येक आकड्याला आत बसलेल्याने काहीतरी हलवायचं. एकला सगळं मधोमध, दोनला उजवा पेडल, तीनला डावा, चारला हातातली काठी पुढे, पाचला मागे. पाचही आकडे पलीकडे स्वच्छ गेले की म्हणायचे, "हव," म्हणजे नागपूरकडचं 'हो'. एखादा जरी तुटला तरी हव नाही. मी वैतागायचो. ते म्हणायचे, "उभं असलं का सगळेच रेडिओ बरोबर बोलतात रे पोट्ट्या. हलवून पाह्य."

ते गेल्यावर मी हे सगळं बंद केलं. मीटर असताना मोजणी कशाला?

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या एका ग्लायडरचा रेडिओ रुसला. जमिनीवर खणखणीत, वर गेला की बोलणं मध्येच तुटायचं. आणि नेमकं तेच ग्लायडर माझी धाकटी बहीण निशा नेणार होती... पन्नास किलोमीटर, एकटीने. शंकर नगरच्या ऑफिसातून सुटली की ती वर्षभर यासाठीच धडपडत होती. जूनमध्ये तिची बदली, तीही अशा गावी जिथे ग्लायडर तर सोडाच, धड मैदान नाही. आमचे इन्स्ट्रक्टर तिवारी सर मात्र ठाम होते. "शनिवार तक रेडिओ ठीक नहीं, तो निशा नहीं जाएगी."

"तुले सांगून राहिलो ना, शुक्रवारच्या आत करतो," मी तिला म्हणालो. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, हे आमचं लहानपणापासूनचं. "दादा, हर बार यही बोलते हो," ती म्हणाली. राग आला, कारण खरं होतं.

मी रजा टाकली. बॅटरी बदलली, माइक बदलला, अख्खा सेट बदलला. किती पॉवर अँटेनातून बाहेर जाते आणि किती परत येते ते दाखवणारा मीटर लावला. काटा जागेवर. पुन्हा लावला, पुन्हा जागेवर. पण सोडायचं नाही हे ठरलेलं होतं.

गुरुवारी दुपारी, साधारण तीन वाजता, हँगरमध्ये मी अँटेनाची केबल सेटच्या मागून काढली. कनेक्टर माझ्या हातात, सेट चालू. आणि स्पीकरमधून आवाज आला.

"एक... दोन..." मग खरखर. "चार... पाच."

काकांचा आवाज. तसाच संथ, दोनवर किंचित दाबलेला. पुन्हा तेच, तीनची जागा रिकामी. तिसऱ्यांदाही. शेवटी हव नाहीच.

मी घाबरलो, हे कबूल करतो. मग चिडलो. अँटेना नसली तरी अगदी जवळून कोणी बोललं तर सेट पकडतो, हे मला ठाऊक आहे. म्हणजे कोणीतरी चेष्टा करतंय. पण क्लबचा हातातला सेट माझ्याच बॅगेत होता, बंद. जीपमधल्या सेटची बॅटरी चार्जिंगला काढलेली. बाहेर आमचे चौकीदार बिसाहू भैया बसले होते, पन्नाशीचा माणूस, चेष्टेतला नव्हे. त्यांनीच आत डोकावून विचारलं, "कोन गिनत रिहिस, साहेब?"

म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

मी शेपटीकडे धावलो. डोक्यात एकच चाललं होतं... तीन म्हणजे डावा पेडल. पेडलने शेपटीचा रडर, म्हणजे सुकाणू, हलतो, आणि हँगरमध्ये रडर वाऱ्याने आपटू नये म्हणून आम्ही त्याला क्लॅम्प लावतो. मी आठवडाभर क्लॅम्प न काढताच मीटर बघत होतो. काकांनी मला हँगरभर शिव्या घातल्या असत्या.

क्लॅम्प काढला, केबल जोडली, बिसाहू भैयांना आत बसवलं. "बायां पैर दबाओ, पूरा." त्यांनी दाबलं आणि काटा उडाला. शेपटीचं झाकण उघडलं, तर तिथून जाणारी अँटेनाची केबल बांधणारी पट्टी तुटलेली. रडर पूर्ण डावीकडे गेला की त्याचा दांडा लोंबत्या केबलला घासायचा. केबलवरची तारांची जाळी जवळजवळ कापली गेली होती. वर पायलट डावीकडे फिरत उंची घेतो, तेव्हाच बोलणं तुटायचं. रात्र पडायच्या आत नवी केबल दांड्यापासून दूर नेऊन पक्की बांधली. शुक्रवारी सरांनी स्वतः वर नेऊन पाहिलं आणि मान डोलावली.

शनिवारी निशा निघाली. मी आणि सर ट्रेलर घेऊन खालून रस्त्याने मागे. ठरलेल्या मैदानावर ती व्यवस्थित उतरली. ग्लायडर ट्रेलरवर चढवायचं म्हणून मी पंख सोडवायला लागलो.

"आधे रास्ते में बहुत नीचे आ गई थी, दादा," दुसऱ्या पंखाशी उभी राहून ती म्हणाली. "लेफ्ट में घूम रही थी, कुछ मिल नहीं रहा था. उतर ही जाती. तभी तुमने गिनती की. लगा तुम साथ में हो, तो रुक गई. फिर हवा की लिफ्ट मिल गई."

मी विचारलं, कसली गिनती.

"वही, मराठी में. एक से पांच. और फिर बोले, हव." ती हसली. "तुम कब से हव बोलने लगे?"

मी सरांकडे पाहिलं. जीपमध्ये ते माझ्या शेजारीच होते. पूर्ण रस्ता माइक हुकवर होता, कोणी हात लावला नव्हता. निशा क्लबात आली ती काका गेल्यानंतर. काकांना तिने कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही.

मी सगळं तपासलं, अजून तपासतोय. स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

आता पाचापर्यंत मोजल्याशिवाय मी एकही ग्लायडर सोडत नाही. हव मात्र मी म्हणत नाही. पाच म्हणतो, बोलायचं बटण सोडतो आणि थोडा वेळ ऐकत उभा राहतो.