मी जरा चहा पाहतो

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसं महिन्यातून एकदा एका जीपमध्ये बसली की ते आपोआप साचतात. मी चिखलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. आमच्या केबिनमध्ये लोकांच्या विसरलेल्या छत्र्या अशाच साचायच्या. कोणती कोणाची ते पुढे पुढे कळायचं नाही, पण टाकूनही देववायच्या नाहीत.

आमचं टोळकं चौघांचं. रिटायर्ड सिस्टर शोभाताई गवई, कापड दुकानवाले राठी शेठ, ऐंशीला टेकलेले इंगळे गुरुजी आणि मी. महिन्याच्या पहिल्या रविवारी रफिकभाईची जीप करायची, जिल्ह्यात कोणाच्या तरी घरची बाग बघायची, वाटेत एखादं प्रेक्षणीय स्थळ लागलं तर तेही उरकायचं. स्थळ हा बहाणा. आमचं खरं काम फांद्या चोरण्याचं.

दचकू नका. आमच्या बागवाल्यांची पक्की समजूत आहे की मागून आणलेली फांदी रुसते, न विचारता आणलेली लागते. आता यजमानाच्या डोळ्यांदेखत पाहुण्यानं चोरी करायची कशी? म्हणून एक रिवाज पडला. बाग दाखवून झाली की घरमालक म्हणतो, "मी जरा चहा पाहतो," आणि आत जातो. आत चहा करायला कोणी ना कोणी असतंच, त्याला तिथे काही काम नसतं. दहा मिनिटं तो ओट्याशी नुसता उभा राहतो. तेवढ्यात आपण आपलं उरकायचं. बाहेर येताना तो खोकतो. फार सभ्य व्यवस्था आहे.

*

राठी शेठचं हत्यार म्हणजे छत्री. मलकापूरला एका कापूस व्यापाऱ्याच्या बंगल्यात गेलो होतो, एप्रिल महिन्यात. मलकापूरचं ते ऊन, आणि शेठ डोक्याला रुमाल बांधून मिटलेली छत्री हातात धरून बागेत हिंडत होते. यजमान चहा पाहून आले तोवर छत्री चांगली फुगली होती.

निघताना शेठ नेमके ती पोर्चमध्ये विसरले. जीप सुरू झाली आणि घरच्या वहिनी छत्री घेऊन धावत आल्या. शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वहिनींनी छत्री त्यांच्या हातात दिली आणि हळूच सांगितलं, "भाऊ, या उन्हात काड्या वाळून जातीन. बुडाले ओला फडका गुंडाळला म्या."

चिखली येईपर्यंत शेठनी छत्री मांडीवरून खाली ठेवली नाही. त्यातल्या दोन काड्या लागल्या.

*

सुलतानपूरच्या शेतकऱ्याला मात्र आमचा रिवाजच माहीत नव्हता. भाजीपाल्याचं वावर, आणि विहिरीभोवती त्याच्या बायकोनं लावलेली फुलझाडं. माणूस इतका अगत्यशील की आमच्यापासून हातभर हलेना. शेठनी चहाचा विषय दोनदा काढला. त्यानं जागेवरूनच बायकोला हाक मारून चहा सांगितला आणि पुन्हा आमच्याशी बोलायला लागला. शेवटी मीच म्हणालो की जरा जाऊन बघून या. तो बिचारा गेला आणि मिनिटभरात चहा घेऊनच परत आला. तेव्हा शेठचा हात जास्वंदीत होता.

तो म्हणाला, "फुलं पाहिजेत का देवाले? मंग काऊन लाजता? सांगाचं ना!"

आणि नवराबायकोनं मिळून आम्हाला पोतंभर झेंडू तोडून दिला. आम्हाला हवी होती वीतभर फांदी. पोत्याचं तोंड वाटेत सुटलं. चिखलीत शिरताना जीपमधून झेंडू सांडत होता आणि चौकात लोक विचारत होते की लग्न कोणाचं. रफिकभाईनं एकच उत्तर ठेवलं होतं, "शेठचं."

*

इंगळे गुरुजी चोरत नाहीत. आमच्याबरोबर येतात, बाग बारकाईनं बघतात, आणि घरमालक चहा पाहायला निघाला की त्याच्या मागोमाग आत जातात. समोर चोरी चालू असताना तिथे नुसतं बसणं म्हणजे खोटंच बोलणं, असं त्यांचं मत. त्यामुळे घरमालकाची मोठी पंचाईत होते. त्याला ओट्याशी गुरुजींबरोबर उभं राहून पावसापाण्यावर बोलावं लागतं.

लोणारचं सरोवर पाहून आम्ही वर आलो तेव्हाची गोष्ट. दाराशी बसलेल्या रखवालदारानं सवयीनं विचारलं, आतून काही उचललं नाही ना? आम्ही नाही म्हणालो, आणि त्या दिवशी ते खरंही होतं. गुरुजी म्हणाले, "थांबा." कठड्यावर बसून त्यांनी बूट काढला आणि झटकला. त्यातून हरभऱ्याएवढा खडा पडला. तो त्यांनी रखवालदाराच्या तळहातावर ठेवला.

"हा आतलाच असन. मले टोचत होता, पण माझ्या ध्यानात आलं नाही."

रखवालदार खड्याकडे बघत राहिला. मग उठला, वीसेक पावलं आत गेला आणि खडा ठेवून आला. गुरुजी बघत होते, त्याचा तरी काय इलाज होता.

*

आता शोभाताईंचं सांगतो. त्यांचं गाव धरणात गेलं. घराच्या दाराशी त्यांच्या आईनं लावलेला देशी गुलाब होता, फिका गुलाबी, वासाचा. गुरुजी तरुणपणी त्याच गावात शिक्षक होते, शोभाताई त्यांच्या चौथीच्या वर्गात. बदली झाली तेव्हा गुरुजींनी त्या माउलीकडे एक फांदी मागितली आणि चिखलीला आणून अंगणात लावली. पुढे गाव गेलं, आईही गेली. तो गुलाब आता जगात फक्त गुरुजींच्या अंगणात आहे.

गुरुजींनी लागोपाठ तीन हिवाळे शोभाताईंना फांदी दिली. स्वतः कापून, शेण लावून, हातात. तिन्ही वाळल्या. त्या बाईनं अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केली, त्यांच्या अंगणात वाटेल ते उगवतं, पण ही एक काडी जगेना. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

तिसरी गेल्यावर त्यांनी गुरुजींना स्पष्टच विनवलं की तुम्ही फक्त एकदा चहा पाहायला जा. गुरुजींना ते लागलं.

"तुह्या मायजवळून मी मागूनच आणला होता, शोभा. तो लागला ना? चोरी कर म्हणून मी तुले शिकवलं का?"



*

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही गुरुजींच्याच घरी गेलो. गुलाबाला वाळवी लागली होती. खोड पोकळ, सगळ्या फांद्या काळ्या, आणि एका बाजूला एकच हिरवी फांदी. येत्या उन्हाळ्यात हे झाड राहत नाही, असं गुरुजी स्वतःच म्हणाले.

गुरुजी एकटे राहतात. आम्ही यायच्या आधीच चहा करून थर्मासमध्ये भरून ठेवतात. मधुमेह झाल्यापासून त्यांच्या घरात साखर नाही. ज्याला गोड लागतो त्यानं पुडी घेऊन यायची. त्या दिवशीही आल्या आल्या चहा झाला. शेठची पुडी संपली, कप विसळून पालथे घातले गेले.

मग गुरुजी कात्री घेऊन झाडाशी उभे राहिले आणि शोभाताईंकडे बघू लागले. त्या मागतील, मग कापायची. शोभाताई मांडीवर हात ठेवून गप्प बसल्या होत्या. येताना जीपमध्येच त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, "यंदा मागत नाही मी. माझ्या हातानं शेवटची बी मरन."



गुरुजींनी एकदा फांदीकडे पाहिलं, एकदा पालथ्या कपांकडे. कात्री शोभाताईंच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"मी जरा चहा पाहतो," म्हणाले, आणि आत गेले. दार लोटून घेतलं.

आम्ही तिघंही जागच्या जागी. शोभाताईंचा हात कात्रीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

तेवढ्यात आतून गुरुजींचा आवाज आला.

"साखर सापडून नाही राह्यली. दहा मिनिटं लागतीन."