गारगोटीच्या मास्तरांचं झेन

"कोल्हापुरात प्रदर्शन लावलंय. येऊन बघ की. तू चांगलं म्हणालास तर सोमवारी राजीनामा देतो." दिनकरचा फोन. कॉलेजातला मित्र, गारगोटीच्या शाळेत चित्रकला शिकवणारा. एवढं ओझं माझ्या डोक्यावर दिल्यावर जाणं भागच होतं. गोष्ट २००६ची.

रविवारी पहाटे पुण्याहून एसटी धरली. चौपदरी रस्त्यामुळे पाच तासांत कोल्हापूर येतं. स्टँडसमोर पंधरा रुपयांत झकास मिसळ मिळाली. जाणार असाल तर कट बेतानंच मागा. खाता खाता दिनकरची पत्रिका वाचली: 'बुद्ध, झेन, विज्ञान आणि भाषेची संदिग्धता'. मिसळीपेक्षा तीच जास्त झोंबली.

हॉल एका मंगल कार्यालयाचा. भिंतींवर नऊ पांढरे कॅनव्हास, प्रत्येकावर एकच काळा फराटा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! प्रत्येकाखाली पानभर खुलासा: कण म्हणजेच लहर, शब्द म्हणजेच मौन. मौनावर इतकं बडबडणारा माणूस मी पाहिला नव्हता. तासभर खपून सगळे खुलासे वाचले आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकला.

तेवढ्यात पेठ वडगावहून एक बाई लेकीला घेऊन आल्या. दोघी पांढऱ्या साडीत, हातात मेणबत्त्या आणि फुलं. पत्रिकेत बुद्धाचं नाव वाचून रविवारच्या वंदनेला आल्या होत्या.

"मूर्ती कुठं हाय, सर?"

दिनकर गोरामोरा झाला. "मूर्ती न्हाई, मावशी. हा फराटा बघा. हे शब्दांत सांगता येत न्हाई."

"मग खाली एवढं कशाला लिवलंय?"

मी खो खो हसलो.

"हसताय काय, पावणं? खरंच इचारलं."

बाईंनी मेणबत्त्या पिशवीत ठेवल्या आणि दोघी फराट्यासमोर फरशीवर बसल्या. बराच वेळ गप्प. उठताना म्हणाल्या, "बरं वाटलं की." फुलं तिथंच ठेवून गेल्या.

दिनकरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नोकरी सोडू नकोस."

त्यानं सोडली नाही. त्यानंतर ब्रशही धरला नाही, असं ऐकतो. परतताना एसटीत स्वतःच्या स्पष्टवक्तेपणावर मी भलताच खूश होतो. आता लाज वाटते. त्या हॉलमध्ये तासभर मी फक्त कागद वाचले. चित्र पाहिलं ते त्या दोघींनी, आणि दिनकरनं विचारलं मला.