मत नसलेल्याचे दार

अमेरिकेत मुलीकडे असताना एका दुपारी दार वाजले. राज्याच्या विधानसभा निवडणुकीची पत्रके घेऊन एक घामाघूम वृद्ध गृहस्थ उभे होते.

"आमदारसाहेब मागून येताहेत का?" मी सवयीने गाड्यांचा ताफा शोधला.

"मीच आमदार. वीस वर्षं झाली," ते हसून म्हणाले.

मी ओशाळून सांगितले, की मी पाहुणा आहे, मला येथे मत नाही.

ते चटकन पायरीवर टेकले. "बरं झालं! सकाळपासून हसून जबडा दुखतोय. खरं सांगू? या खेपेला मी पडणार."

मन मोकळे करायला समोरचा आपला मतदार नसावा लागतो, असे मला वाटून गेले. मी पाणी आणले.

पेला परत देताना ते हळूच म्हणाले, "बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती पलीकडच्या गल्लीत पत्रकं वाटतेय."