चर्चच्या दारात लागलेलं लग्न

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका रविवारी दुपारी मी ग्वाल्हेरच्या मुरार छावणीतल्या जुन्या चर्चमध्ये शिडीवर चढून छताचं लाकूड पेचकसानं टोचून बघत होते... आणि खाली मार्था दीदी शिडी घट्ट धरून उभ्या होत्या.

मार्था दीदी आमच्या पॉलिटेक्निकच्या लायब्ररीतून रिटायर झाल्या. मी तिथेच सिव्हिल शिकवते. त्यांच्या लेकीचं, रूथचं लग्न नोव्हेंबरात ठरलेलं, आणि नेमका त्याआधीच वेदीच्या वरच्या छताचा एक तुकडा खाली आला. चर्चची कमिटी म्हणाली, मॅरेज गार्डन बुक करा.

पण दीदींचं स्वतःचं लग्न याच वेदीपुढे लागलं होतं. नवरा गेला तेव्हा त्याच्यासाठीची शेवटची प्रार्थनाही तिथेच झाली. लेकीनंही तिथेच उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती... म्हणून त्यांनी मला फोन केला, एकदा येऊन बघ म्हणून.

माझा जन्म दौलतगंजातला. सगळं आयुष्य ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गेलं, पण या चर्चच्या आत मी कधीच पाऊल टाकलं नव्हतं. आत गेले आणि पहिल्यांदा ओळखीचा वाटला तो दगड. आमच्या बाड्याच्या चौकातल्या इमारतींना आहे तोच, ग्वाल्हेरचा फिकट पिवळसर दगड... फक्त इथे त्याच्या कमानी वर टोकदार होत गेलेल्या.

प्रॉटेस्टंट चर्च, त्यामुळे मूर्ती नाहीत, रंगरंगोटी नाही. एक साधा लाकडी क्रूस, उंच अरुंद खिडक्या, आणि भिंतींना बाहेरून दिलेले जाडजूड दगडी धिरे. छावणीतल्या इंग्रजी पलटणीसाठी बांधलेलं हे चर्च. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांवर तापानं गेलेल्या शिपायांची नावं आहेत, आणि त्यांच्या तान्ह्या मुलांचीही.

बाकांच्या पाठीला खाचा दिसल्या. दीदी म्हणाल्या, गोरे शिपाई प्रार्थनेलाही बंदुका घेऊन यायचे, त्या टेकवायला. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेतले. त्या बंदुका कोणासाठी भरलेल्या असायच्या, ते मला कळत होतं.

दीदींनी त्या खाचेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "मेरे पापा इसमें अपनी छड़ी टिकाते थे। मेरे लिए तो ये पापा की जगह है।" पलटण केव्हाच निघून गेली. चर्च मात्र दीदींच्या माणसांचं झालं होतं, पिढ्यान् पिढ्या.

आता छताबद्दल. हे छप्पर लाकडाच्या मोठ्या त्रिकोणी चौकटींवर तोललेलं आहे, आम्ही त्यांना कैच्या म्हणतो. बांधणाऱ्यांनी भिंतीच्या माथ्याशी झरोके ठेवले होते, लाकडाला वारा लागावा म्हणून. नंतर कधीतरी कबुतरांना कंटाळून कोणीतरी ते सिमेंटनं बुजवले. वेदीवरच्या कैचीचं टोक आतल्या आत ओलं राहून कुजलं होतं. माझा पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

खाली उतरले. दीदींकडे बघवेना. त्याच म्हणाल्या, "तुम मना करोगी तो मान लूँगी, अलका। बस झूठ मत बोलना।"

मी म्हटलं, दीदी, याच्याखाली माणसं बसवता येणार नाहीत. त्यांनी मान हलवली, पर्स उचलली आणि बाहेर गेल्या. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही... मीही केला नाही. काय बोलणार होते?

फोन आला तो रूथचा. सरळ मुद्द्याचं विचारलं तिनं, "आंटी, पूरा चर्च ख़राब है या कोई हिस्सा ठीक भी है?"

मी सांगितलं, मनोऱ्याखालचा भाग भक्कम आहे. तिथे लाकूडच नाही, सगळी दगडी कमान. दारातून आत शिरल्याबरोबर लागतो तो, जिथे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे. ती म्हणाली, माझा बाप्तिस्मा तिथेच झाला होता ना... मग लग्नही तिथेच.

पाद्रीसाहेब लगेच तयार झाले. म्हणाले, फार पूर्वी विलायतेत लग्नं चर्चच्या दारातच लागायची. मी आतला भाग दोऱ्या बांधून बंद करून घेतला. पाहुण्यांच्या खुर्च्या बाहेर हिरवळीवर मांडल्या.

लग्नाच्या दिवशी रूथला दीदींनीच हात धरून आणलं. वडिलांच्या जागी त्याच चालल्या. कुंडाशेजारी वधूवर उभे राहिले, गाणं सुरू झालं, आणि मनोऱ्याच्या कमानीखाली ते असं काही घुमलं की हिरवळीवरची शेवटची रांगही गाऊ लागली. दीदी मात्र माझ्याशी दोन शब्दच बोलल्या... खाना खाया?

हिवाळ्यात छताच्या दुरुस्तीचं काम निघालं. सुतारांनी कैची उतरवली तेव्हा तिचं टोक ओल्या बिस्किटासारखं हातात तुटून आलं. दीदी तिथेच होत्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग माझ्या बाकावर येऊन बसल्या आणि माझा हात हातात घेतला.

परवाच्या रविवारी चर्च पुन्हा उघडलं. नवं सागवान, मोकळे झरोके, वेदीवर सकाळचं ऊन. रूथ नवऱ्याला घेऊन आली होती. प्रार्थनेनंतर दोघं वेदीपुढे उभे राहिले आणि पाद्रीसाहेबांनी आशीर्वाद दिला. मी मागच्या बाकावरून बघत होते.

फोटो काढायची वेळ आली, तेव्हा दीदींनी मला हात करून बोलावलं. फोटोवाला म्हणाला, आधी फक्त घरच्यांचा घेऊ या.

दीदी म्हणाल्या, "घर वालों को ही बुला रही हूँ।"

माझ्या कामात 'नाही' म्हणायची वेळ पुष्कळदा येते. ते ऐकून बहुतेक माणसं दुरावतात. हे एक माणूस दुरावून परत आलं, आणि येताना त्यानं मला घरचं करून घेतलं... आणखी काय हवं!